चालेल?

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. सोल्डरचं आयर्न तापून तयार, बोर्ड चिमट्यात धरलेला, आणि डबीत ४३ केचा, म्हणजे ४३ हजार ओहमचा, रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा भाग) नाही. ३९ के होते, ४७ के तर ढिगाने होते, त्रेचाळीस मात्र एकही नाही. गिटारचा आवाज बदलणारी इफेक्ट पेडलं घरी बनवायला मी तेव्हा नुकती सुरुवात केली होती आणि डायग्राममध्ये छापलेला आकडा माझ्या लेखी काळ्या दगडावरची रेघ होता. समोर गिटार वाजवणारा मित्र बसला होता, पेडल घेऊनच जाईन म्हणून हटून. त्याला ओहमशी काही देणंघेणं नाही. माझी शोधाशोध बघून तो म्हणाला, "अरे, ४७ आहेत ना एवढे? लाव त्यातला एक. चालेल."

चालेल. आपल्याकडे होकार द्यायचा तरी हाच शब्द, तडजोड करायची तरी हाच, आणि 'पुरे आता, झोपू दे' म्हणायचं असलं तरी हाच. त्या रात्री मला तो अक्षरशः टोचला. इतक्या बारकाईने कोणीतरी ४३ लिहिलंय आणि हा म्हणतो चालेल! पण घड्याळ पुढे सरकत होतं. मी ४७ लावला, वर झाकण लावलं, आणि मित्र खूश होऊन गेला. नंतर मी बरीच पेडलं बनवली, बरीच बिघडवली. बोर्डावर कुठल्या जागी हा शब्द म्हणायचा आणि कुठल्या जागी जीभ चावायची, एवढंच शिकत राहिलो.

आधी तो ४३ डबीत का नव्हता ते सांगतो. रेझिस्टरचे आकडे पहिल्यांदा बघणाऱ्याला ते कोणीतरी डोळे मिटून निवडल्यासारखे वाटतात. १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. सरळ दहा, वीस, तीस का नाहीत? कारण इथली चढण बेरजेची नाही, गुणाकाराची आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा साधारण एकवीस टक्क्यांनी मोठी, आणि बारा पायऱ्या चढल्या की आपण बरोबर दहापटीवर येतो. या मालिकेला ई-१२ म्हणतात आणि ती दहा टक्के टॉलरन्सच्या रेझिस्टरसाठी आहे. म्हणजे ४७ लिहिलेला रेझिस्टर प्रत्यक्षात ४२.३ ते ५१.७ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, आणि ३९ लिहिलेला ३५.१ ते ४२.९ यांच्यामध्ये. दोघांच्या हद्दी एकमेकींना भिडल्याच आहेत. मग मधला आकडा कशाला बनवायचा? पाच टक्केवाल्यांसाठी मात्र प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये आणखी एक बसवलेली आहे. ती ई-२४. ४३, ५१, २४, ९१ ही मंडळी तिथली. माझी डबी ई-१२ची होती.

ही गुणाकाराची युक्ती रेझिस्टरवाल्यांची नाही. शार्ल रनार नावाचा एक फ्रेंच लष्करी अभियंता होता. लष्कराच्या फुग्यांना लागणाऱ्या दोरांच्या जाडीचा पसारा त्याने १८७० च्या दशकात अशाच पायऱ्या पाडून आटोक्यात आणला. रेझिस्टर आणि कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) यांच्या मालिका आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून छापल्या गेल्या १९५२ साली. हे वाचलं तेव्हा मला दोर आणि फुगे यांची गंमत वाटलीच, पण त्याहून जास्त दिलासा वाटला. ज्याने डायग्राम काढला त्याच्या पुढ्यातही हीच डबी होती की! त्याचं गणित ४.५३ के असं आलं असणार, त्याने डबीत हात घातला असणार, ४.७ के हाती लागला असणार, आणि तोही आपल्या भाषेत 'चालेल'च म्हणाला असणार. ज्या आकड्याला मी रेघ समजत होतो तो मुळात कोणाचीतरी तडजोड होती.

(एक सांगायचं राहिलं. पुस्तकी मराठीत रेझिस्टरच्या व्हॅल्यूला 'किंमत' म्हणतात. मी ते म्हणत नाही. एकदा मुलीला "याची किंमत किती ते बघ गं" म्हणालो तर ती पिशवीवरचं लेबल शोधायला लागली.)

मित्राला दिलेलं ते पेडल म्हणजे एलपीबी-१. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस आणलेला बूस्टर, म्हणजे सिग्नल नुसता मोठा करणारं पेडल. सिग्नल मोठा करणारा एक ट्रान्झिस्टर (बेस, कलेक्टर, एमिटर हे त्याचे तीन पाय), चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक पॉट, म्हणजे फिरवून बदलायचा रेझिस्टर. याहून साधं पेडल शोधून सापडणार नाही. चार रेझिस्टरपैकी ४३० के आणि ४३ के हे दोघे मिळून बॅटरीचे नऊ व्होल्ट वाटून घेतात आणि ट्रान्झिस्टरच्या बेसला त्यातला छोटासा वाटा देतात. कलेक्टरवर १० के, एमिटरखाली ३९० ओहम. या शेवटच्या दोघांचा भागाकार केला की सिग्नल किती पट मोठा होणार ते कळतं, सुमारे पंचवीस पट. ४३ऐवजी ४७ लावल्याने त्याचं काही बिघडलं नाही. मीही निर्ढावलो.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणासाठी तोच बूस्टर बनवला. यावेळी ४७ केही संपलेले. त्याच्या वरचा ५६ के. मागच्या खेपेला एक पायरी वर गेलो होतो, आता दोन जाऊ, काय होतंय! लावला. हळू वाजवलं की ठीक, जरा जोरात स्ट्रम केलं की आवाज फाटायचा. आवाज मुद्दाम फाडणाऱ्या फझ पेडलसारखा गोड फाटणारा नव्हे. कागद चुरगळल्यासारखा, खोकल्यासारखा. मीटर लावला. कलेक्टरवर जिथे पाचच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत तिथे दीड.

त्या दीड व्होल्टने मला जे शिकवलं ते तोवर कुठल्या पानावर वाचून डोक्यात शिरलं नव्हतं. गणित शाळकरी आहे. नऊ व्होल्ट, वर ४३० के, खाली ४३ के. वाटणी केली की बेसला मिळतात ०.८२ व्होल्ट. त्यातले ०.६च्या वर थोडे तर ट्रान्झिस्टर जागा व्हायलाच घेतो. हातात उरले ०.२. ट्रान्झिस्टरमधून वाहणारा सगळा करंट या उरलेल्या ०.२वर ठरतो. आता ४३च्या जागी ५६ ठेवा. बेसला मिळतात १.०४. ट्रान्झिस्टरने आपले ०.६ घेतलेच, उरले ०.४. म्हणजे रेझिस्टर वाढला तीस टक्क्यांनी आणि उरलेला ऐवज झाला दुप्पट. करंट दुप्पट, कलेक्टरच्या १० केवर व्होल्टेजची घट दुप्पट, आणि सिग्नलला खाली झुलायला जागाच उरली नाही. तळाला आपटत होता बिचारा, तोच तो खोकला.

खरी गंमत पुढे आहे. मी ५६ के काढला नाहीच. ४३० केच्या जागी ५६० के लावला. मीटरवर साडेपाच व्होल्ट, आवाज स्वच्छ. कारण ४३० आणि ४३ यांच्यात महत्त्वाचा ना ४३० आहे ना ४३; दोघांमधलं एकास दहा हे नातं महत्त्वाचं आहे. ४७० आणि ४७ लावा, ५६० आणि ५६ लावा, बेसचे ०.८२ जागचे हलत नाहीत. एकाला बदलायचं तर जोडीदारालाही बदला. मी एकट्यालाच उचलून नेला होता.

तेव्हापासून डायग्राम बघायची माझी पद्धतच बदलली. आकड्याकडे नंतर बघायचं. आधी हा गडी इथे कशासाठी उभा आहे ते बघायचं.

काही गडी नुसते उभेच असतात. इनपुट जॅकपाशी जमिनीला जोडलेला १ मेगचा, म्हणजे दहा लाख ओहमचा, पुल-डाउन रेझिस्टर घ्या. स्विच दाबल्यावर 'टॉक्' असा आवाज येऊ नये म्हणून कपॅसिटरवर साचलेला चार्ज हळूच वाहून नेणं एवढंच त्याचं काम. तिथे २.२ मेग लावा, पुष्कळदा ४.७ मेगही चालतो. फक्त फार खाली जाऊ नका. गिटारचा पिकअप म्हणजे तारेचं भलंमोठं वेटोळं, त्याच्यासमोर लहान रेझिस्टर ठेवला की तो पिकअपवर लोंबकळतो आणि ट्रेबल विझून जातो. एलईडीचा रेझिस्टर तर तुमच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. ४.७ केने नऊ व्होल्टवर दीड मिलिअँपिअर जातो, हल्लीच्या एलईडींना तेवढाही जास्त होतो. एका पेडलमध्ये मी १ के लावून ठेवला होता, तर मित्र म्हणाला, "टॉर्च कशाला लावलायस आत?"

आणि ज्या जोडीने नऊ व्होल्टचे अर्धे करून ऑप-अँपला (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपला) साडेचारचा आधार दिला जातो ती जोडी. १० के आणि १० के, किंवा १०० के आणि १०० के. आकडा कुठलाही चालेल, दोघे सारखे असले की झालं. हे मी लोकांना फार ऐटीत सांगायचो. या जोडीनेच माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली.

झालं असं की ट्यूब स्क्रीमर नावाच्या गाजलेल्या पेडलच्या धर्तीचं एक ओव्हरड्राइव्ह (आवाज जरासा फाडणारं पेडल) बांधलं आणि ते मुकं निघालं. अगदीच मुकं नाही. तार जोरात ओढली की कुठूनतरी खोल विहिरीतून आल्यासारखा एक तुकडा यायचा. आधी ऑप-अँपवर संशय. चिप बदलली. पुन्हा बदलली. डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उलटे आहेत का पाहिलं. सगळे सांधे पुन्हा तापवले. साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं. मधेच मीटर लावून त्या जोडीतला खालचा रेझिस्टर मोजलाही होता. ११९ ओहम आले. पण बोर्डावर लावलेला रेझिस्टर मोजला की आकडा कमीच येतो, इतर वाटांनीही करंट फिरतो, त्यामुळे एक पाय सुटा केल्याशिवाय मोजण्यात अर्थ नसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असल्यामुळेच मी समोर आलेलं खरं उत्तर झटकून टाकलं.

शेवटी मुलीला बोलावलं. चाळिशी लागल्यापासून निळ्या अंगाच्या मेटल फिल्म रेझिस्टरवरचे रंग मला विजेरीखालीही धड दिसत नाहीत. त्यावर तपकिरी, लाल, नारिंगी तिघे भाऊ एकसारखे दिसतात. ती रंग पाढ्यासारखे म्हणते: काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा, पांढरा. शून्यापासून नऊपर्यंत. तिने भिंग डोळ्याला लावलं.

"तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी."

"मग बरोबर आहे. एक, शून्य, शून्य आणि पुढे दोन शून्यं. दहा हजार. १० के."

"पण बाबा, हा शेजारचा तसा आहे. हा दुसरा उलटा आहे."

"उलटा म्हणजे?"

"म्हणजे याची शेवटची तपकिरी पट्टी जरा लांब आहे ना, ती या बाजूला आहे. इकडून वाचलं तर तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी."

एक, दोन, शून्य, पुढे शून्य शून्यं. १२० ओहम. पाच पट्ट्यांचा १० के आणि १२० ओहम हे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत! दोन्ही टोकांना तपकिरी, मधे तेच रंग उलट्या क्रमाने. कधीतरी रेझिस्टर निवडून कप्प्यांत टाकताना मी एक १२० ओहम १० केच्या कप्प्यात टाकला होता. वर १० के, खाली १२० ओहम, म्हणजे साडेचारच्या जागी दशांश एक व्होल्ट. एवढ्यावर ऑप-अँप काय बोलणार? "कुठलाही चालेल" म्हणून मी ज्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हतो, नेमका त्यांच्यातच फितूर निघाला. तेव्हापासून लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर धरतो. रंगांवर विश्वास नाही, माझ्या डोळ्यांवर तर नाहीच.

ट्यूब स्क्रीमरचा विषय निघालाच आहे तर जरा रेंगाळतो, कारण रेझिस्टर बदलण्यात खरा जीव रमतो तो या सर्किटमध्ये. याचा कर्ता सुसुमु तामुरा, आणि आयबानेझच्या नावाने टीएस-८०८ बाजारात आलं सत्तरच्या दशकाच्या शेवटी. त्याच्या पोटात एक ऑप-अँप आहे. फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या, वाटेवर ५१ के आणि त्याच्याशी सलग ५०० केचं ड्राइव्हचं पॉट, सोबत दोन डायोड. दुसरीकडून जमिनीकडे ४.७ के आणि ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, काढायचा तर वरचं भागिले खालचं, अधिक एक. ड्राइव्ह शून्यावर असताना सुमारे १२ पट, पूर्ण फिरवल्यावर ११८ पट.

५१ के माझ्याकडे नव्हता, ओघाने आलंच. ४७ के आणि ३.९ के एकापाठोपाठ जोडले की ५०.९ के होतो, आणि मी सुरुवातीला तसा जोडून लावायचो. दोन रेझिस्टर पायाला पाय वळून, बोर्डावर खांबासारखे उभे. दिसायला हास्यास्पद. मग एकदा विचार केला, हे कशासाठी? नुसता ४७ के लावला तर ड्राइव्ह शून्यावर असतानाचा गेन ११.९ऐवजी ११ होतो. डेसिबलमध्ये फरक ०.६५. ड्राइव्ह वर नेलं तर तोही पुसला जातो. आणि त्याच वाटेवरचं ५०० केचं पॉट? पॉटची टॉलरन्स सर्रास वीस टक्के असते. म्हणजे ते ४००चं निघेल किंवा ६००चं. शेजारी एवढा मोठा गोंधळ चालू असताना मी ५१चे चार के जोडत बसलो होतो.

तरी खात्री करावी म्हणून एक छोटा स्विच लावून मित्राला समोर बसवलं. एकीकडे ५१, एकीकडे ४७. त्याने वीसेक मिनिटं वाजवलं, डोळे मिटून, भुवया ताणून. तीनदा "हा जरा उबदार आहे" म्हणाला. त्यातल्या दोन वेळा मी स्विचला हातही लावला नव्हता.

मग ४.७ केच्या जागी २.२ के लावला, आणि पहिल्याच कॉर्डला त्याने मान वर केली. "हे काय केलंस? धार आली, पण अंग गेलं." शंभर टक्के बरोबर. हा रेझिस्टर एकाच वेळी दोन कामं करतो. गेन ठरवतो, आणि शेजारच्या कपॅसिटरच्या संगतीने कुठल्या सुरांपासून खाली गेन ओसरायला लागणार तेही ठरवतो. ४.७ के आणि ०.०४७ असताना ही वेस ७२० हर्ट्झवर आहे. ट्यूब स्क्रीमरचा तो नाकातून बोलल्यासारखा मधला आवाज बराचसा इथूनच येतो. रेझिस्टर २.२ के केला की वरच्या सुरांचा गेन दुपटीहून वाढला, आणि वेस सरकून १५०० हर्ट्झच्या पुढे गेली. खालचे सूर होते तिथेच राहिले, वरचे अंगावर आले. मित्राच्या भाषेत अंग गेलं.

यावर उपाय कपॅसिटरमध्ये आहे. ०.०४७ काढून ०.१ लावला. २.२ गुणिले ०.१ म्हणजे ०.२२, ४.७ गुणिले ०.०४७ म्हणजेही ०.२२. वेस पुन्हा ७२० हर्ट्झवर, गेन मात्र दुपटीहून जास्त. "आत्ता!" मित्र म्हणाला. हा गुणाकार कागदावर मांडला तेव्हा मला जो आनंद झाला तो इतका बालिश होता की कोणाला सांगायचीही सोय नव्हती. एलपीबीत भागाकार जपायचा होता, इथे गुणाकार. आकडे बदलू देत, त्यांचं आपसातलं जे काही ठरलंय ते मोडायचं नाही.

कानांबद्दल मात्र सावध करतो. दोन आवाजांपैकी जो जरासा मोठा तो आपल्याला चांगलाच वाटतो. गेन बदलणारा रेझिस्टर लावलात की व्हॉल्यूम फिरवून दोन्ही आवाज एका पातळीवर आणा, मगच तुलना करा. नाहीतर प्रत्येक बदल सुधारणा वाटते. माझ्या वहीत अशा कितीतरी 'सुधारणा' आहेत ज्या दुसऱ्या दिवशी सकाळी गायब झाल्या. टीएस-८०८ आणि टीएस-९ यांच्यातला गाजलेला फरकही दोन रेझिस्टरांचा आहे, आउटपुटपाशी. जुन्यात १०० ओहम आणि १० के, नव्यात ४७० ओहम आणि १०० के. या दोन आकड्यांवरून लोक हमरीतुमरीवर येतात. मी दोन्ही बनवली, डोळे बांधून ऐकली, आणि सपशेल नापास झालो. कोणाला ऐकू येत असेल तर त्याच्या कानांना माझा नमस्कार, पण आधी पातळी सारखी केली होती का एवढं विचारेन.

याच्या अगदी उलट टोकाला रॅट नावाचं डिस्टॉर्शन पेडल. त्यात ऑप-अँपपासून जमिनीकडे दोन वाटा जातात, एका वाटेवर ४७ ओहम, दुसऱ्या वाटेवर ५६० ओहम, दोघांना आपापले कपॅसिटर. वर १०० केचं पॉट. पूर्ण फिरवलं तर कागदावरचा गेन दोन हजारांच्या वर जातो. आता ४७ ओहमच्या जागी चुकून ४७० लावा. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर फरक फक्त तिसऱ्या पट्टीचा, काळ्याऐवजी तपकिरी. गेन येतो चारशेच्या खाली आणि आवाजातला तो चावरेपणा जातो. एक पट्टी! इथे 'चालेल' म्हणायच्या आधी मी चष्मा पुसतो.

आणि मग काही सर्किटं अशी की त्यांच्यावर छापलेला आकडा तुमच्यासाठी नसतोच. फझ फेस. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली आणलेलं, थाळीसारखं गोल. आत दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि चारच रेझिस्टर: ३३ के, ८.२ के, ४७० ओहम, १०० के. एवढ्याशा ऐवजावर जिमी हेंड्रिक्सने काय करून दाखवलं ते सगळ्यांना माहीत आहे. मी ते मूळ आकड्यांनी इमानेइतबारे बांधलं. आवाज असा की मरायला टेकलेला डास. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचारच्या आसपास व्होल्ट हवेत. माझ्याकडे दोनही नव्हते. जर्मेनियम ट्रान्झिस्टर एकसारखे नसतात. एकाच नंबरचे दहा घ्या, दहांचा गेन वेगळा, गळती (बंद असतानाही झिरपणारा करंट) वेगळी. ८.२ के हा आकडा ज्या ट्रान्झिस्टरला मानवत होता तो माझ्या हातात नव्हता, एवढंच.

म्हणून तिथे रेझिस्टर लावायचाच नाही, ट्रिमर लावायचा. छोट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवत जायचं, एक डोळा मीटरवर, एक कान अँपकडे. साडेचारवर आल्यावर थांबायचं आणि मग मीटर बाजूला ठेवून थोडं अलीकडे, थोडं पलीकडे फक्त कानाने. एका जोडीला मला ६.८ केच्या जवळ आवाज सापडला, दुसऱ्या जोडीला १२ केशिवाय जागच येईना. ज्याला १२ के लागला त्याचा आवाज जरा बसला, कारण या सर्किटमध्ये सिग्नल काढतात तो ४७० ओहमच्या पायथ्याशी. वाटणीत त्याचा हिस्सा कमी झाला. तिथे १ के लावला आणि आवाज उठून उभा राहिला. हे सगळं रात्री जमवलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मित्राला ऐकवायला काढलं तर पुन्हा डास. जर्मेनियमची गळती तापमानाबरोबर वाढते, साधारण दर दहा अंशांना दुप्पट. मी रात्रीच्या गारव्यासाठीचा रेझिस्टर शोधून काढला होता. आता ट्रिमर आतच ठेवतो, आणि झाकणाला एक भोक.

मूळ पेडलमध्ये होते म्हणून जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर शोधत फिरणाऱ्यांबद्दल मी एरवी काही बोलत नाही. त्यांचा खरखराट जास्त, सोल्डरच्या उष्णतेने ते सरकतात, वय झालं की आणखी सरकतात. दिसतात मात्र सुंदर. मीही एका पेडलमध्ये लावलेत, फक्त दिसण्यासाठी, आणि ते पेडल फार सूं सूं करतं.

गेल्या आठवड्यात मित्र तो पहिला एलपीबी घेऊन आला. आउटपुट जॅकची तार निखळली होती. इतक्या वर्षांनी झाकण उघडलं. सोल्डरचे गोळे बघून लाज वाटली. आणि मधोमध तो ४७ के, पिवळा-जांभळा-नारिंगी, जरासा तिरका. आता माझ्याकडे ४३ केची शंभरची पिशवी आहे. त्या रात्रीनंतर पेटून मागवली होती, अजून फोडलेलीही नाही. ती काढली, कात्रीने कोपरा कापला, एक रेझिस्टर मीटरवर धरला. ४३.० आला, अगदी काटेकोर. त्याचे पाय वाकवले, आयर्न लावलं तापायला.

तापेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून जुन्या बोर्डाला बॅटरी लावून कलेक्टर मोजला. चारला दोन शतांश कमी.

"काय करतोयस?" मित्राने विचारलं.

"काही नाही. जॅक."

तार जोडली, झाकण लावलं. वाकड्या पायांचा तो ४३ के पिशवीत परत जाईना, म्हणून डबीत ३९ आणि ४७च्या मधल्या खाचेत ठेवून दिला.